‘हळू घे’ म्हणजे नेमकं किती हळू? संथ रियाजाचा धागा

ठायलय (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१२

पुण्यातल्या कुठल्याही गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासच्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहा, ‘हळू घे रे’ दोनदा तरी कानावर पडतं. मग ती सदाशिव पेठ असो नाहीतर सिंहगड रोड. सल्ला बरोबरच आहे, पण तो तिथेच संपतो. किती हळू, किती वेळ, हळू करताना लक्ष कशाकडे आणि लय वाढवायची कधी, हे कुणी सांगत नाही. शिकणारा आठ दिवस हळू करतो, कंटाळतो आणि परत पळायला लागतो. म्हणून इथे फक्त तपशील लिहूया. ‘संगीत ही साधना आहे’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

सुरुवात मी करतो.

लय आकड्यात धरा. मिनिटाला ६० मात्रा म्हणजे सेकंदाला एक. जो पलटा (सरावाची स्वररचना) किंवा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरीव रचना) घोटायचा आहे तो कुठल्या लयीत लागोपाठ तीन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) न अडखळता जातो ते बघा. समजा ८० ला जातो. मग रियाजाची लय ८० नाही, तिच्या पाऊणपट, म्हणजे ६०. कारण ८० ला तुम्ही कसेबसे तरून जाता, सगळं लक्ष पुढचा बोल गाठण्यात गुंतलेलं असतं. ६० ला कान मोकळा होतो आणि स्वतःचं ऐकू यायला लागतं. संथ रियाज करायचा तो ह्या ऐकण्यासाठी.

तुकडा लहान घ्या. अख्खी बंदिश पहिल्यापासून शेवटपर्यंत हळू गाणं ही सगळ्यात वाया जाणारी पद्धत, कारण चूक दोन मात्रांत असते आणि तुम्ही बाकीच्या चौदा फुकट घोटता. चार ते आठ मात्रांचा तुकडा घ्या आणि त्याच्या पुढचा एक स्वर किंवा बोल जोडून घ्या. तो जोडला नाही तर तुकडा सुटा छान जातो आणि ओळीत बसवला की सांध्यावर फाटतो.

चुकलं की तसंच पुढे जाऊ नका. मैफलीत जायचंच असतं, रियाजात नाही. थांबा, दोन मात्रा मागे जा, लय आणखी उतरवा. हाताला आणि गळ्याला बरोबर-चूक कळत नाही. जे जास्त वेळा झालं ते पाठ होतं.

तबल्यावाल्यांनी आणि गाणाऱ्यांनी आपापलं लिहावं.

डग्गेवाला | सोमवार, रात्री १०.०५

एकच कायदा घेऊन सांगतो, नाहीतर हवेतल्या गप्पा होतील. दिल्लीचा, सगळ्यांना माहीत असलेला:

धा ति ट धा ति ट धा धा ति ट धा गे ति ना कि ना
ता ति ट ता ति ट ता ता ति ट धा गे धि ना गि ना

सोळा अधिक सोळा, बत्तीस बोल. तीनतालात (सोळा मात्रा) बराबरीत, म्हणजे मात्रेला एक बोल, वाजवला तर दोन आवर्तनं, दुगुनीत (मात्रेला दोन) एक.

ह्यात अडतं कुठे ते आधी शोधा. बहुतेकांना ‘तिट’ अवघड वाटतं. खरी खोट ‘ट’ आणि त्याच्या पुढच्या ‘धा’च्या मध्ये आहे. ‘ति’ मधल्या बोटाने, ‘ट’ तर्जनीने, दोन्ही शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या भागावर (घराण्यानुसार बोटं थोडी बदलतील). लगेच पुढचा ‘धा’ त्याच तर्जनीने, पण चाटीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर. म्हणजे एका बोटाला शाईवरून चाटीवर प्रवास आहे, आणि पहिल्या ओळीत तो तीनदा येतो: तिसऱ्या बोलावरून चौथ्यावर, सहाव्यावरून सातव्यावर, दहाव्यावरून अकराव्यावर. लय वाढली की बोट ‘ट’ वाजायच्या आधीच चाटीकडे निघतं आणि ‘ट’ गिळला जातो. ऐकणाऱ्याला ‘धाति धाति धाधा’ ऐकू येतं आणि वाजवणाऱ्याला वाटतं सगळं वाजलं.

उपाय: फक्त ‘ट धा’ ही जोडी, ६० च्या लयीत, दोन मिनिटं. पण बोट तरंगत तरंगत न्यायचं नाही. ‘ट’ वाजला की ताबडतोब चाटीवर जाऊन थांबायचं आणि मात्रेची वाट बघायची. संथ लयीतही बोट लवकरच पोचलं पाहिजे. उरलेला वेळ थांबण्याचा. हे उलटं केलं, म्हणजे हालचालच संथ केली, तर तो रियाज द्रुत लयीत उपयोगी पडत नाही, कारण तिथे ती हालचाल नसतेच.

मग ‘ति ट धा’, मग ‘ति ट धा धा’, मग पहिले आठ बोल, शेवटी ओळ.

दुसरी हमखास चूक खालीत. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या दहा बोलांत डग्गा गप्प हवा. डावा हात सवयीने घुमारा सोडतोच. वेगात हे कळत नाही, संथ लयीत लख्ख ऐकू येतं. आणि ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली असावी. दाबली की आस (मागे रेंगाळणारा नाद) मरते आणि ‘ना’चा ‘टक्’ होतो.

मध्यमा_दुसऱ्यांदा | सोमवार, रात्री १०.४०

वाचतोय. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा तोंडावर असताना हे जमतं का? अभ्यासक्रमात रागांची, तालांची यादी हातभर. प्रत्येक ओळीचे असे दोन-दोन मात्रांचे तुकडे पाडत बसलं तर निम्माही अभ्यास व्हायचा नाही.

ठायलय | सोमवार, रात्री ११.०२

@मध्यमा_दुसऱ्यांदा, सगळ्याचे तुकडे पाडायचे नाहीत. अडतं तेवढ्याचेच. सोळा मात्रांच्या बंदिशीत अडणाऱ्या जागा बहुधा दोन किंवा तीन असतात. त्या पेन्सिलने वहीत खुणा करून ठेवा आणि रोजची पहिली वीस मिनिटं फक्त त्यांना द्या. बाकीची बंदिश दिवसातून दोनदा म्हटली तरी पुरते. वेळ वाचतो, जात नाही.

परीक्षेपुरतं म्हणाल तर दुगुन, चौगुन हाताने टाळी देऊन म्हणायला लावतात. तिथे घसरणारे बहुतेक जण ठायीतच, म्हणजे मूळ एकपट लयीतच, कच्चे असतात. आधी ठाय लय ५० ला पक्की करा. चौगुन म्हणताना लय स्वतःहून वाढते ती तेव्हाच थांबेल.

खर्ज | मंगळवार, सकाळी ७.३०

गळ्याचं लिहितो. गाण्यात ‘हळू’चा पहिला अर्थ लय नाही, एक सूर किती वेळ धरता हा आहे.

तंबोरा (यंत्रातला असला तरी चालेल) लावून पहिली तीन-चार मिनिटं नुसतं ऐका. तोंड उघडू नका. पट्टी (पेटीच्या ज्या पट्टीवर आपला ‘सा’ धरायचा ती) आपली असावी: पुरुषांची साधारण पांढरी १ ते काळी २, बायकांची पांढरी ५ ते काळी ५ ह्यात कुठेतरी. मूळ गायकाची पट्टी धरून गळा ताणू नका.

मग षड्ज, आकारात (नुसतं ‘आ’ म्हणत), एका श्वासात दहा ते पंधरा सेकंद. आवाज मध्यम. हा साधा वाटणारा भाग नीट ऐकला तर तीन दोष सापडतात. एक, सूर खालून घसरत वर येऊन लागतो. पहिलं अर्धं सेकंद बेसूर असतं आणि ते कुणी मोजत नाही. दोन, शेवटी श्वास संपत आला की सूर उतरतो. उपाय दम वाढवण्याचा नाही, दोन सेकंद आधी थांबण्याचा. सूर उतरायच्या आत सोडायचा, दम हळूहळू आपोआप वाढतो. तीन, ‘आ’ चा ‘ओ’ किंवा ‘अं’ होत जातो, म्हणजे जबडा मिटत चालला आहे. छोटा आरसा समोर ठेवला की दिसतं.

मंद्रातला रियाज सकाळी करतात कारण झोपेनंतर गळा जरा जड असतो आणि खालचे सूर सहज सापडतात. सा, नी, ध, प असं एकेक पायरी उतरायचं. जिथे आवाजाची नुसती खरखर उरते तिथून एक स्वर वर यायचं, तो तुमचा आजचा तळ. त्याच्या खाली रेटायचं नाही. घसा खवखवला तर रियाज चुकला असं समजावं.

पलट्यांसाठी ५० ची लय, मात्रेला एक स्वर. ‘सारेग रेगम गमप’ आधी सरगमेत, मग आकारात. हा क्रम महत्त्वाचा. सरगमेत ‘रे’, ‘ग’, ‘म’ ही अक्षरंच दोन स्वरांच्या मधली जागा झाकतात. आकारात झाकायला काही नसतं आणि घसरगुंडी उघडी पडते. मात्रेला दोन स्वर घेताना बरेच जण ‘हा-हा-हा’ करून प्रत्येक स्वराला पोटातून धक्का देतात. पुढे तान घेतानाही तो ‘ह’ तसाच राहतो. तो ५० च्या लयीतच काढावा लागतो, दीडशेला निघत नाही.

आणि गांधार. पंचमात लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या (खालच्या षड्जाच्या) तारेतून शुद्ध गांधार आपोआप ऐकू येतो, पाचवा उपस्वर म्हणून. यमन किंवा भूपाचा गांधार तिथे नेऊन लावायचा असतो. बाजारातल्या पेटीचा गांधार त्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). लांब धरल्याशिवाय हा फरक कानाला कळत नाही. मात्रेला चार स्वर पळवत गेलात तर आयुष्यभर पेटीचाच गांधार गाल.

पेटीमास्तर | मंगळवार, सकाळी ९.१५

झाला का पेटीवर राग काढून? :) पंचमाचा फरक जेमतेम २ सेंट आहे हेही लिहा की राव. पण मुद्दा मान्य. सूर लावताना पेटी बंद, तंबोरा चालू. पलट्यांना पेटी चालेल.

पेटी शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

भाता: नवशिक्या प्रत्येक स्वराबरोबर भाता मारतो. मध्यलयीत ते खपतं, संथ लयीत प्रत्येक स्वराला पोट सुटतं: मध्येच फुगतो, शेवटी मरतो. म्हणून एकच षड्ज दाबून ठेवा आणि आठ मात्रा (६० च्या लयीत) आवाज तसूभरही हलू न देता हवा भरत राहा. भाता पूर्ण मिटायच्या आत पुढचा हलका दाब. हे जमल्याशिवाय उजव्या हाताकडे जाऊच नका.

बोटं: ‘सा रे ग म प ध नी सां’ पांढरी १ पासून वाजवताना अंगठा ‘म’ वर कसा येतो ते बघा. १-२-३, मग अंगठा मधल्या बोटाखालून. तिथे ‘ग’ आधी सुटतो आणि ‘म’ उशिरा लागतो, मध्ये भोक पडतं. फक्त ‘ग म’, ‘ग म’ अशी जोडी ४० च्या लयीत करा. ‘ग’ सोडण्याआधी अंगठा ‘म’ वर टेकलेला असला पाहिजे, दाबलेला नाही. वर डग्गेवाल्यांनी ‘ट धा’ चं सांगितलं ते हेच, फक्त पट्टीवर.

जवारी | मंगळवार, दुपारी ४.२०

(एक ते चार पुण्यात उत्तर द्यायची पद्धत नाही म्हणून उशीर.)

इथे सगळे एकाच बाजूला झुकलेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. नुसत्या संथ रियाजाने वेग येत नाही. सतारीवर हे स्पष्ट दिसतं. ६० च्या लयीत ‘दा रा दा रा’ वाजवताना हात ऐटीत लांबून येतो, मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) तारेपासून चांगली दोन बोटं दूर जाते, आणि आवाज भरदार येतो म्हणून शिकणारा खूश होतो. त्याच हाताला २४० ला जायला सांगा. तेवढं अंतर कापायला वेळच नाही, म्हणून मनगट आवळतं, खांदा चढतो, आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. म्हणजे त्याने जी हालचाल हजारदा घोटली ती पुढच्या लयीसाठी चुकीचीच होती.

त्यामुळे संथ लयीत करतानाही हालचाल द्रुत लयीच्या मापाची ठेवा. मिजराब तार ओलांडून लगेच थांबली पाहिजे. डाव्या हाताची बोटं पडद्यावरून उचलायची ती नावापुरती.

दुसरं, रोजच्या रियाजात थोडे झटके हवेतच. असे: लय १२०. ‘दा रा दा रा’ हे चार बोल एका मात्रेत, पाचवा ‘दा’ पुढच्या मात्रेवर ठोस, मग दोन मात्रा पूर्ण गप्प. त्या गप्प मात्रांत खांदा, कोपर, अंगठा सैल करायचे. हे दहा वेळा. जमलं की आठ अधिक एक, मग सोळा अधिक एक. शेवटचा ‘दा’ मात्रेवर नेमका पडला नाही तर आधीचं सगळं बाद धरायचं. झटक्याने वेगाची ओळख होते, संथ रियाजाने तो स्वच्छ होतो. दोन्ही लागतात.

मींडेला मात्र संथ लयीला पर्याय नाही. आधी गांधार त्याच्या पडद्यावर वाजवून कानात भरून घ्या, मग रिषभाच्या पडद्यावरून तार ओढून तिथे पोचा, धरा, आणि परत पडद्यावर वाजवून पडताळा. ओढताना कमी पडणं जितकं सर्रास, तितकंच जास्त ओढून मग हळूच मागे येणं. दुसरी चूक जास्त वाईट, कारण कानाला ती भावपूर्ण वाटते.

डग्गेवाला | मंगळवार, सायंकाळी ६.५०

@जवारी, विरुद्ध कसलं, मी तेच म्हणतोय: बोट लवकर पोचवा आणि थांबा. झटक्यांबद्दल एवढंच की ते रियाजाच्या शेवटी. सुरुवातीला केले की उरलेला तासभर हात घाईतच राहतो.

लयीच्या आकड्यांत एक गंमत आहे, ती वापरा. लेहरा (आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी चाल) ८० वर ठेवून दुगुन आणि लेहरा ४० वर ठेवून चौगुन, दोन्हीत हाताचा वेग एकच, मिनिटाला १६० बोल. पण ४० वर दोन मात्रांमध्ये दीड सेकंदाची पोकळी असते आणि तिथे चौगुनीचे चार बोल सारख्या अंतरावर आपले आपणच मांडावे लागतात. जो ८० ला झकास वाजवतो तो ४० ला चौथा बोल आखडतो आणि मात्रेच्या आधी येऊन पोचतो. हात तोच, वेग तोच. कच्ची लय अशी सापडते.

वाढवायचं ते चार-चारने: ६०, ६४, ६८, ७२. प्रत्येक पायरीवर तीन आवर्तनं स्वच्छ. कुठे बिघडलं तर एक पायरी नाही, दोन पायऱ्या खाली. आणि शेवट कधीही सगळ्यात वरच्या लयीत करू नका. परत ६० ला येऊन दोन आवर्तनं वाजवा, मग तबला झाका.

हिंजवडी_फेज_तीन | मंगळवार, रात्री ११.३०

छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. तीन बाळबोध प्रश्न.
१. मेट्रोनोम, लेहरा की नुसती टाळी?
२. नोकरीवाल्याला पाऊण तासच मिळतो, तोही रात्री. कसा वाटायचा?
३. रात्री तबला वाजवला की खालच्या मजल्यावरून निरोप येतो. तबल्यावर पंचा टाकून वाजवलं तर?

ठायलय | बुधवार, सकाळी ८.०५

१. तिन्ही, पण वेगवेगळ्या कामाला. टिकटिक हालचाल घोटायला बरी, कारण ती दयामाया दाखवत नाही. लेहरा आवर्तन कळायला, कारण टिकटिकीला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) नसते. टाळी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात अवघड, कारण लय तुम्हालाच सांभाळायची असते. ४० च्या खाली जायचं असेल तर टिकटिक दुप्पट ठेवा (३० ऐवजी ६०) आणि एक सोडून एक मात्रा धरा. दोन टिकटिकींत दोन सेकंदांचं अंतर पडलं की माणसाला लय जाणवेनाशी होते, तो फक्त वाट बघतो आणि अंदाजाने उडी मारतो. हे जमलं की मधली टिकटिक काढून टाका.

२. पाऊण तासाचं असं: सात-आठ मिनिटं नुसता आवाज, म्हणजे एक सूर किंवा एक बोल. वीस मिनिटं वहीतल्या खुणांवर, दोनच जागा, तिसरी नाही. दहा मिनिटं ते तुकडे मूळ ओळीत बसवणं. उरलेला वेळ मनसोक्त, चुकलं तरी न थांबता. हा शेवटचा भाग गाळू नका. थांबायची सवय लागली की मैफलीत आणि परीक्षेतही हात थांबतो.

मोबाइलवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करून ते निम्म्या वेगाने ऐका. ‘तिरकिट’मधला ‘र’ मेलेला असला तर तिथे नागडा दिसतो.

डग्गेवाला | बुधवार, सकाळी ८.४०

३. पंचा टाकू नका. शाईचा उसळता स्पर्श जातो, बोट रुततं, आणि ‘ना’ची आस ऐकूच येत नाही म्हणून अनामिका दाबायची सवय लागते. त्यापेक्षा रात्री बोल तोंडाने म्हणा, हाताने टाळी-खाली द्या, बोटं मांडीवर हलकी चालवा. पढंत ६० ला स्वच्छ नसेल तर हाताकडून अपेक्षा कसली? तबला सकाळी अर्धा तास.

खर्ज | बुधवार, सकाळी १०.१०

गळ्याच्या संथ रियाजाला कंटाळा येतो म्हणणाऱ्यांसाठी मेरुखंड. चार स्वर घ्या, सा रे ग प. त्यांच्या उलटापालट करून २४ मांडण्या होतात (पाच स्वरांच्या १२०, साताच्या ५०४०, तिकडे आत्ता जाऊ नका). २४ गुणिले ४ म्हणजे ९६ स्वर. मात्रेला एक स्वर धरला तर तीनतालाची बरोबर ६ आवर्तनं, एकतालाची ८. शेवटच्या मांडणीनंतरचा षड्ज समेवर आला तर मोजणी बरोबर, नाहीतर कुठेतरी एक मांडणी गळली किंवा दोनदा आली. ६० च्या लयीत दीड मिनिटाचं काम आहे, पण डोकं कामाला लागतं. वही न बघता, पहिला स्वर क्रमाने बदलत. सा पासूनच्या सहा, मग रे पासूनच्या सहा, असं.

मध्यमा_दुसऱ्यांदा | बुधवार, दुपारी १२.५५

अवांतर वाटेल, पण संथ लय ऐकायची कशी? सवाई गंधर्व महोत्सवात बडा ख्याल चालू असतो, आजूबाजूचे समेवर माना हलवतात आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. मग शेजाऱ्याकडे बघून मान हलवावी लागते.

ठायलय | बुधवार, रात्री ९.२०

अवांतर नाही, शिकण्याचा अर्धा भाग हाच. आणि शेजारीही तुमच्याकडे बघूनच हलवत असतो, काळजी करू नका.

विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं. आकडे मोजत बसलात तर गाणं हातून जाईल. ठेका ऐका:

धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धिं ना

तिरकिट दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. गोंधळ तिथेच होतो. चौथ्यालाच दहावा समजलात तर दोन मात्रांनी सम येणार म्हणून सरसावून बसता आणि येतो तो ‘क’, सातवी मात्रा. बरोबर सहा मात्रांची चूक. फरक पुढच्या बोलात आहे: पहिल्या तिरकिटानंतर ‘तू ना’, तिथे डग्गा गप्प. दुसऱ्यानंतर ‘धिं’, तिथे डग्ग्याचा घुमारा. तिरकिटानंतर घुमारा आला की समजा, आता फक्त ‘ना’ आणि मग सम. गायकाचा मुखडाही (समेवर नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) साधारण तिथेच उचलला जातो.

घरी हे करा: लेहरा किंवा ठेका एकतालात, मिनिटाला ३० मात्रांवर लावा, काहीही न गाता फक्त दुसऱ्या तिरकिटानंतरच्या ‘धिं’वर बोट उचला. दहा आवर्तनं म्हणजे चार मिनिटं. जमलं की २० मात्रांवर. त्याच्या खाली ठेक्यातल्या भरावाच्या बोलांकडे कान द्यावा लागतो, पण तोवर कान तयार झालेला असतो.

पेटीमास्तर | बुधवार, रात्री १०.३५

+१. लेहरा धरणाऱ्याने हे आधी करावं. एकच चार ओळींची चाल पाऊण तास एका लयीत धरणं हा पेटीवाल्याचा सगळ्यात कठीण संथ रियाज आहे. हळूहळू लय चढते आणि दोष तबल्यावर जातो.

डग्गेवाला | बुधवार, रात्री १०.५०

जातोच! :)

हिंजवडी_फेज_तीन | गुरुवार, सकाळी ७.५०

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. पाऊस लागल्यापासून ‘तिट’ दबका यायला लागलाय. हात बिघडला का पुडी (तबल्याचं कातडं)?

डग्गेवाला | गुरुवार, सकाळी ८.२०

पुडी. दमट हवेत कातडं सैल पडतं, पट्टी उतरते, शाईचा कडकपणा जातो. ह्या दिवसांत आवाजावरून हाताची परीक्षा करू नका, नाहीतर जोर लावायची सवय लागेल आणि ती ऑक्टोबरात सुटणार नाही. दोन बोलांतली अंतरं सारखी पडतायत का, तेवढंच तपासा.

पट्टी गाठायला गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी मारत सुटू नका. ओलं कातडं ताणून ठेवलं आणि दोन दिवस कडक ऊन पडलं की ते आखडतं आणि चाटीपाशी फाटतं. त्यापेक्षा लेहरा अर्ध्या पट्टीने खाली घ्या. तबला गॅसजवळ किंवा उन्हात सुकवायचा नाही. गवसणीत घालून, लाकडी पाटावर, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवायचा. बोटांना घाम येत असेल तर पावडर बोटांना लावा, शाईवर भुरभुरवू नका. आणि चहाचा कप तबल्यावर ठेवणाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.